एकदा दंड, एकदा उपचार : गूळ वाहणाऱ्या एका चालकाचे प्रकरण

डिसेंबरातील एका पहाटे साडेपाचच्या सुमारास कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डाकडे गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, घेऊन येणारी एक पिकअप गाडी रस्त्याकडेच्या चहाच्या गाड्यावर आदळली. चहावाला स्टोव्ह पेटवून दुधाच्या पिशव्या आणण्यासाठी दहा पावले बाजूला गेला होता, म्हणून हे प्रकरण मनुष्यवधाचे न होता मद्यधुंद वाहन चालवण्याचे राहिले. गाड्याचे एक चाक तुटले, स्टोव्ह चेपला, किटली आणि काचेचे ग्लास गेले. चालक पळाला नाही. तो खाली उतरला, गाड्याचा लाकडी दांडा बाजूला केला आणि पोलीस येईपर्यंत पायरीवर बसून राहिला. श्वासचाचणीत त्याच्या रक्तातील मद्यार्काचे प्रमाण १०० मिलिलिटरला ९६ मिलिग्रॅम निघाले. कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वतीने मोफत वकील म्हणून मी हे काम पाहिले. संबंधितांची ओळख राहू नये यासाठी वय, गाव, रकमा आणि काही प्रसंग बदलले आहेत, आणि अशाच दुसऱ्या कामांतील तपशीलही यात मिसळले आहेत. कायद्याची कलमे, शिक्षा आणि वैद्यकीय बाजू मात्र जशीच्या तशी ठेवली आहे. चालकाला येथे 'चालक' एवढेच म्हटले आहे. तो ३६ वर्षांचा, करवीर तालुक्यातील असून घरी आई, पत्नी आणि दोन मुले आहेत. गाडी मालकाची. हंगामात गुऱ्हाळावरून रात्री गूळ भरायचा आणि सकाळच्या सौद्याआधी यार्डात उतरवायचा, हे त्याचे बारा वर्षांचे काम.

त्याचा हा पहिला गुन्हा नव्हता. दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या नाकाबंदीत तो सापडला होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने ठरवली आहे. त्याने पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला, दहा हजार भरले आणि सहा महिन्यांसाठी परवाना गमावला. कलम २० प्रमाणे या गुन्ह्यात किमान सहा महिन्यांची अपात्रता न्यायालयाला द्यावीच लागते. ते सारे काम पाच मिनिटांत संपले होते. त्या पाच मिनिटांत तो किती पितो, केव्हापासून पितो, हे त्याला कोणी विचारले नाही, आणि विचारण्याची तरतूदही त्या कलमात नाही. परवाना नसलेल्या सहा महिन्यांत तो रात्रीच्या फेऱ्या मारतच होता, कारण मालकाने परवाना मागितला नाही आणि रात्री दोन वाजता गुऱ्हाळाच्या वाटेवर तो मागणारे दुसरे कोणी नव्हते.

त्या दंडाची हकीकत पत्नीने एका वाक्यात सांगितली. "दंड भराय माझी बोरमाळ सुटली, ह्यांची काय सुटली न्हाई."

दोन सह्या

दुसऱ्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सोबत बेदरकार वाहन चालवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ लावलेले होते. कुटुंबाचा आग्रह असा की, या वेळीही कबुली द्यावी, पंधरा हजारांची सोय पतसंस्थेतून करावी आणि प्रकरण मिटवावे. माझाही कल प्रथम तोच होता. गर्दीच्या दिवशी वकिलालाही कबुलीजबाब सोयीचाच वाटतो, हे मान्य केले पाहिजे.

तो कल बदलला तो वकीलपत्रामुळे. सकाळी अकरा वाजता कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात चालकाने वकीलपत्रावर सही केली. पहिली सही ओळीखाली गेली, दुसरीत पेन कागदात रुतले, तिसरी कशीबशी जमली. त्याने डाव्या हाताने उजव्या हाताचे मनगट धरले होते. दोषारोपपत्रासोबत श्वासचाचणीच्या पावतीची प्रत होती. पहाटे पावणेसहाला, रक्तात ९६ मिलिग्रॅम मद्य असताना त्याने त्या पावतीवर केलेली सही मात्र शाळेतल्या पाटीवर गिरवल्यासारखी सरळ होती. दारू असताना हात स्थिर आणि नसताना थरथरतो, एवढी गोष्ट त्या दोन सह्या शेजारी ठेवल्यावर दिसली. त्याला विचारले तेव्हा तो शरमून म्हणाला, "सायेब, हात थांबाय पायजेत आधी, मग गाडी. म्हणून निघताना थोडी घ्याय लागती."

थोडा हिशेब केला तर त्याच्या बोलण्याला आधार मिळतो. सर्वसाधारण माणसाच्या रक्तातील मद्यार्क तासाला १५ ते २० मिलिग्रॅमने उतरतो. गूळ भरून होईपर्यंत, म्हणजे रात्री साडेबारापर्यंत त्याचे पिणे झाले होते. नंतर तो गाडीतच दोन-तीन तास झोपला. तेवढ्यावरच पाच तासांनी ९६ यायचे, तर साडेबाराला ते १७० ते १९५ च्या घरात असायला हवे. प्रत्यक्षात चारच्या सुमारास त्याने आणखी एक पेग घेतला होता, म्हणजे रात्रीचा आकडा त्याहून थोडा कमी असेल. कसाही हिशेब केला तरी नवखा पिणारा या प्रमाणात नीट चालू शकत नाही. हा माणूस गुळाचे रवे मोजून घेत होता. सीपीआर या सरकारी रुग्णालयात त्याची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी 'बोलणे सुसंगत, चाल स्थिर, तोंडास मद्याचा वास' असे नोंदवले आहे. बचावाच्या दृष्टीने ही नोंद सोन्यासारखी वाटेल. वैद्यकीय दृष्टीने ती वाईट बातमी आहे, कारण एवढे मद्य पचवून सरळ चालणारे शरीर मद्याला सरावलेले असते.

यातून निघणारी एक गोष्ट मला तोवर माहीत नव्हती, आणि या प्रकरणात ती सर्वांत महत्त्वाची ठरली. अशा, दारूवर अवलंबून झालेल्या माणसाने कायद्याच्या धाकाने एकाएकी दारू सोडली, तर शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत त्याला आकडी येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, घाम, ताप आणि भास यांचा तो गंभीर आजार होऊ शकतो, ज्यात उपचाराविना माणूस दगावतोही. म्हणजे दंडाला घाबरून 'उद्यापासून थेंब नाही' अशी शपथ घेऊन जो चालक परवा पहाटे महामार्गावर गाडी काढतो, तो श्वासचाचणीत शून्य दाखवून शिरोली नाक्यापुढे चाकावरच आकडी येऊन कोसळू शकतो. कायद्याच्या दृष्टीने त्या सकाळी तो निर्दोष असेल. चालकाने पहिल्या दंडानंतर खरोखरच तीन दिवस दारू सोडली होती, आणि तिसऱ्या रात्री घराच्या भिंतीवर मुंग्या चढताना त्याला दिसल्या होत्या. आईने अंगारा लावला. पत्नीने शेवटी शेजाऱ्याकडून क्वार्टर आणून दिली, आणि मुंग्या गेल्या. त्या बाईला दोष देण्याआधी वाचकाने ती रात्र डोळ्यांसमोर आणावी.

शेजारच्या आसनावरचा मुलगा

अपघाताच्या वेळी गाडीत २२ वर्षांचा एक हमालही होता. त्याच्या खिशात काही ग्रॅम गांजाची पुडी सापडली. त्याच्यावर वेगळा गुन्हा नोंदला गेला आणि दंड भरून तो मोकळा झाला. त्याची गोष्ट एवढीच आहे. कायद्याने त्या दोघांना दिलेली वागणूक मात्र तुलना करून पाहण्यासारखी आहे.

अमली पदार्थांसंबंधीच्या १९८५ च्या कायद्यात, म्हणजे ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो त्यात, उपचाराचा मार्ग लिहून ठेवलेला आहे. कलम ३९ प्रमाणे सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती व्यसनी असेल, तर तिच्या संमतीने न्यायालय तिला तत्काळ शिक्षा न देता शासकीय किंवा शासनमान्य रुग्णालयात उपचारासाठी बंधपत्रावर सोडू शकते, आणि एक वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल मागू शकते. कलम ६४-अ तर त्याही पुढे जाते. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून उपचारास तयार झाला, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटलाच चालत नाही. उपचार अर्धवट सोडला, तर ते संरक्षण काढून घेता येते. गांजाचे 'अल्प प्रमाण' म्हणजे एक किलोपर्यंत, हे लक्षात घेतले तर ही तरतूद किती रुंद आहे ते समजेल.

मात्र त्या मुलाला व्यसनच नव्हते. महिन्यातून एक-दोनदा मित्रांसोबत ओढणारा तो पोरगा कायद्याच्या व्याख्येतील व्यसनी नव्हता, म्हणून कलम ३९ त्याच्या उपयोगाचे नव्हते. ज्याला खरोखर आजार होता, त्याचा आजार दारूचा होता, आणि कलम १८५ मध्ये उपचार हा शब्दही नाही. आपल्याकडे रस्त्यावरच्या नशेत दारूचा वाटा सर्वांत मोठा, आणि नेमके तिच्यासाठी असे दार ठेवलेले नाही. केंद्र शासनाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत दारूवर अवलंबून असणाऱ्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्याही स्वरूपाचा उपचार मिळाल्याचे आढळले होते. उरलेल्या ३७ जणांपैकी काही रोज कोणत्या ना कोणत्या न्यायालयात दंड भरत उभे असतात. आजार ओळखण्याची इतकी स्वस्त संधी दुसरी नसेल, आणि ती पावती फाडून संपते.

येथे एक आडवाट घेतो. तो मुलगा चाकावर असता तर काय झाले असते? श्वासचाचणीच्या यंत्राला गांजा कळत नाही. कलम १८५ च्या दुसऱ्या भागात अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहनावर ताबा ठेवता न येण्याइतकी अवस्था सिद्ध करावी लागते, तेथे ३० मिलिग्रॅमसारखा आकडा नाही. लघवीच्या तपासणीत नियमित ओढणाऱ्याच्या शरीरात गांजाचे अंश कित्येक दिवस, कधी काही आठवडेही दिसतात, म्हणजे तपासणी 'होय' म्हणाली तरी माणूस त्या पहाटे नशेत होता असे त्यावरून म्हणता येत नाही. झोपेच्या गोळ्या, खोकल्याची कोडीनयुक्त औषधे, वेदनाशामक गोळ्या यांचेही तेच. नाकाबंदीच्या जाळ्यात आज दारूच सापडते, बाकीचे निसटते.

१९५८ च्या कायद्याची वाट

कलम १८५ मध्ये मार्ग नसला तरी सर्वसाधारण कायद्यात एक होता. परिवीक्षा अधिनियम, १९५८ म्हणजे प्रोबेशनचा कायदा. त्याच्या कलम ४ खाली, मृत्युदंड किंवा जन्मठेप नसलेल्या कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला न्यायालय शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्राने सोडू शकते. त्यासाठी त्याचे किंवा त्याच्या जामीनदाराचे निश्चित राहण्याचे ठिकाण किंवा नियमित काम असावे लागते. कलम ३ मध्ये पूर्वी शिक्षा झालेली नसावी अशी अट आहे, कलम ४ मध्ये ती नाही, म्हणून दुसऱ्या गुन्ह्यातही हा दरवाजा बंद नव्हता. शिवाय परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीचा आदेश दिल्यास बंधपत्रात 'मादक पदार्थांपासून दूर राहणे' ही अट घालता येते, असे त्या कायद्यातच म्हटले आहे. १९५८ च्या मसुदाकाराला जे सुचले ते २०१९ च्या दुरुस्तीत कोणाला सुचले नाही. तेव्हा मोटार वाहन कायद्यात परवाना परत मिळण्यासाठी चालकाने उजळणी प्रशिक्षण पूर्ण केले पाहिजे, अशी अट आली. उजळणी गाडी चालवण्याची. ज्याने बारा वर्षे चिखलातून गूळ आणला, त्याला गाडी चालवता येत नव्हती असे कोणीच म्हटले नव्हते.

जर्मनीत १०० मिलिलिटरला १६० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रमाण निघालेल्या चालकाला परवाना परत हवा असेल, तर वैद्यकीय व मानसशास्त्रीय तपासणीतून जावे लागते, आणि पिण्याच्या सवयीत खरा बदल झाल्याचे तेथे पटवावे लागते. अमेरिकेत वारंवार सापडणाऱ्या चालकांसाठी वेगळी न्यायालये आहेत, जेथे न्यायाधीश, समुपदेशक आणि परिवीक्षा अधिकारी एकाच माणसाला महिनोन्महिने पाहतात. साउथ डकोटा राज्यात २००५ पासून चालू असलेल्या कार्यक्रमात आरोपीने दिवसातून दोनदा श्वासचाचणी द्यायची असते, आणि चुकल्यास शिक्षा लहान पण लगेच, एखाद-दुसऱ्या रात्रीची कोठडी. या सर्व पद्धतींत उपचार शिक्षेच्या जागी येत नाही, शिक्षा टांगती ठेवून उपचार चालतो.

परिवीक्षा मागणाऱ्या आमच्यापुढे सर्वांत कठीण आक्षेप पुण्याचा होता. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, आणि अल्पवयीन चालकाला बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची आणि समुपदेशन घेण्याची अट घातली. महाराष्ट्र संतापला, आदेश पुढे बदलला गेला, आणि तेव्हापासून 'समुपदेशन' हा शब्द उच्चारताच समोरच्याच्या चेहऱ्यावर निबंध दिसतो. सरकारी वकिलांनी तो उल्लेख टाळला, पण सर्वोच्च न्यायालयाचा दलबीरसिंग खटल्यातील २००० चा निर्णय वाचून दाखवला. बेदरकार वाहन चालवून मृत्यू घडवणाऱ्या चालकांना परिवीक्षेची सवलत देऊ नये, धाक राहिला पाहिजे, असे त्यात बजावले आहे. त्यांचे म्हणणे खोडून काढण्याजोगे नव्हते. आम्ही एवढेच म्हटले की तेथे माणूस मेला होता, येथे स्टोव्ह चेपला आहे, आणि येथे धाकाचा एक प्रयोग दोन वर्षांपूर्वी दहा हजार रुपयांत करून झालेला आहे.

खरा आक्षेप बाहेर व्हरांड्यात चहावाल्याने घेतला. "त्येनं दारू सोडली काय आन् न्हाई काय, माझा स्टोव्ह कोण देणार ते सांगा, वकीलसायेब." त्याचे बरोबर होते. परिवीक्षा कायद्याच्या कलम ५ खाली नुकसानभरपाई मागता येते, हे तोवर माझ्याही अर्जात नव्हते. ते त्याच दुपारी घातले.

उपचार आधी, आदेश नंतर

रक्ताच्या नमुन्याचा अहवाल येईपर्यंत दोन महिने गेले. तेवढा काळ वाया घालवायचा नाही, असे ठरवले. चालकाला मानसोपचार विभागात दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या दहा प्रश्नांच्या चाचणीत ४० पैकी २० किंवा त्याहून अधिक गुण अवलंबित्वाची शंका दाखवतात. त्याचे २७ आले.

दाखल होण्यास तो सहजी तयार झाला नाही, आणि त्याला कारण होते. चार वर्षांपूर्वी भावांनी एका खासगी केंद्राला पैसे देऊन त्याला रात्री घरातून उचलून नेले होते. जीपमधून चार माणसे आली, त्यांनी तोंड दाबून नेले, तीन महिने कुलपात ठेवले, भेट नाही, फोन नाही. सुटला त्या संध्याकाळी तो प्यायला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहे, म्हणजे अशी केंद्रेही त्या कायद्याच्या नोंदणीखाली येतात आणि सज्ञान माणसाला सामान्यतः त्याच्या संमतीनेच दाखल करता येते. तो निर्णय घेऊ शकत नसेल तरच ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक पद्धतीने संमतीविना दाखल करण्याची मुभा आहे. उचलून नेण्याची मुभा कोणालाच नाही. पण नातेवाइकांना हे कोण सांगणार? एस.टी. स्टँडच्या भिंतीवर त्यांनी वाचलेले असते ते 'नकळत दारू सोडवा'. जेवणात गुपचूप औषध कालवण्याचा तो प्रकार जीवघेणाही ठरू शकतो, कारण दारूची किळस आणणारे औषध पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो. ते औषध देतात ते रुग्णाला सांगून, समजावून आणि घरच्या एकाच्या नजरेसमोर.

समुपदेशक ताईंनी त्याला पहिल्या भेटीत दारूबद्दल काहीच विचारले नाही. मुंग्यांबद्दल विचारले. त्या का दिसल्या, परत दिसू नयेत म्हणून दवाखान्यात काय करतात, किती दिवस करतात, दाराला कुलूप असते की नाही, हे सांगितले. कुलूप नसते हे त्याने स्वतः वॉर्डात जाऊन पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी कापडी पिशवी घेऊन आला.

पहिले दहा दिवस शरीराचे होते. शामक औषधाची मात्रा रोज कमी करत नेणे, थायमिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शने, पाणी, झोप. चौथ्या रात्री तो घामाने चिंब झाला, पण मुंग्या आल्या नाहीत. त्यानंतरचे निवासी पाच आठवडे नोंदणीकृत व्यसनमुक्ती केंद्रात गेले. पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून महाराष्ट्रात जी पद्धत रुजवली, तिच्याच वळणाची ती दिनचर्या होती : व्यायाम, गटचर्चा, स्वतःची कहाणी लिहिणे आणि ती मोठ्याने वाचणे, घरच्यांसाठी वेगळी बैठक. वाचताना तो बोरमाळेपाशी अडला, असे पत्नीने सांगितले. मी तेथे नव्हतो.

अहवाल आल्यावर त्याने गुन्हा कबूल केला. न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला, उपचाराची कागदपत्रे पाहिली, दोन सह्यांच्या प्रतीही पाहिल्या, आणि कलम ४ खाली त्याला १५,००० रुपयांच्या बंधपत्रावर व एका जामीनदारावर दोन वर्षांसाठी सोडले. पहिले वर्ष परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख, मद्यापासून पूर्ण दूर राहणे, दर पंधरा दिवसांनी बाह्यरुग्ण विभागात हजेरी, दर तीन महिन्यांनी अहवाल, आणि चहावाल्यास ११,४०० रुपये भरपाई. परवाना एक वर्षासाठी अपात्र.

परवान्याबाबत एक युक्तिवाद हाताशी होता. परिवीक्षेवर सुटलेल्यास दोषसिद्धीला जोडून येणारी अपात्रता लागू होत नाही, असे कलम १२ म्हणते, आणि त्या आधारे परवाना वाचवण्याचा वाद निदान घालता आला असता. एका सहकाऱ्याने तसे सुचवलेही. मी तो अर्ज केला नाही. उपचार सुरू असलेल्या माणसाच्या हाती पहिल्या वर्षात चावी देणे हे त्याच्या हिताचे नव्हते, आणि पहाटे यार्डासमोर चहा विकणाऱ्याच्या तर मुळीच नव्हते. अशिलाचा हक्क मी आपल्या मताने सोडला, असा आरोप यावर होऊ शकतो. चालकाला दोन्ही बाजू सांगून त्याची लेखी संमती घेतली होती, एवढेच माझे उत्तर आहे, आणि ते पूर्ण समाधानकारक आहे असा माझा दावा नाही.

चैत्र आणि पन्नास रुपये

एप्रिलमध्ये ज्योतिबाच्या चैत्र यात्रेला तो गावच्या सासनकाठीबरोबर डोंगरावर गेला. जाऊ नये असे ताईंनी सुचवले होते, पण घराण्याचा मान होता. गुलाल, हलगी, जुने मित्र. उतरताना वाडी रत्नागिरीच्या पायथ्याला त्याने घेतली, आणि पुढचे तीन दिवस घेतली. चौथ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः ताईंना फोन केला, म्हणाला, "चुकलं. मुंग्या याच्या आत येऊ का?" दोन दिवस दाखल राहून तो बाहेर पडला.

परिवीक्षा अधिकाऱ्याला हे कळवायचे की नाही, यावर घरात वाद झाला. बंधपत्र मोडले म्हणजे तुरुंग, असे आईला वाटत होते. चालकाने कळवले. न्यायालयाने नोटीस काढली, ऐकून घेतले आणि कलम ९ प्रमाणे पहिल्या भंगाबद्दल दंड केला. त्या कलमातील कमाल रक्कम ५० रुपये आहे, १९५८ पासून तेवढीच. बाबूने पावती लिहिताना आकडा दोनदा विचारला. बंधपत्र कायम राहिले.

या पन्नास रुपयांवर हसणे सोपे आहे, आणि आम्हीही हसलो. पण त्या आधीच्या दंडाने जे केले नाही, ते त्या प्रक्रियेने केले, असे मला दिसते. तीन दिवसांच्या पिण्यानंतर माणूस दडून बसला नाही, कारण कबूल केल्यास सर्व काही संपत नाही हे त्याला ठाऊक होते. तरीही ही पद्धत भक्कम आहे असे मी म्हणणार नाही. सगळा भार एका समुपदेशक ताईंवर आणि एका परिवीक्षा अधिकाऱ्यावर होता, ज्यांच्याकडे अशी कितीतरी प्रकरणे असतात. त्या आठवड्यात ताई रजेवर असत्या, तर फोन कोणी उचलला असता? परवाना जप्त होता म्हणून ते तीन दिवस रस्त्यावर कोणाला भोवले नाहीत. उपचाराने तेवढ्यात काही वाचवले नसते, चावी हाती नव्हती म्हणून वाचले. म्हणून 'शिक्षेऐवजी उपचार' हे शब्द मला पटत नाहीत. दंड आणि कैद बाजूला ठेवता येते, परवाना ठेवता येत नाही. आणि ज्याला आजार नाही, जो लग्नाच्या वरातीत चार पेग घेऊन मस्तीत गाडी हाणतो, त्याला ही वाट दाखवूच नये. त्याला पंधरा हजार पुरेसे आहेत. हा फरक ओळखण्यासाठी दहा प्रश्नांची चाचणी आणि एखादा तास लागतो, आणि तो तास कबुलीच्या आधी मिळायला हवा.

गाडीमालकाबद्दल दोन वाक्ये. विमा कंपनी मद्यप्राशन केलेल्या चालकामुळे झालेले गाडीचे स्वतःचे नुकसान भरून देत नाही, म्हणून बंपर आणि रेडिएटर त्याने पदरचे पैसे घालून केले. आता तो चालक ठेवताना परवाना पाहतो.

भरपाईचे ११,४०० रुपये तीन हप्त्यांत गेले. शेवटचा हप्ता चालक स्वतः चहाच्या गाड्यावर घेऊन गेला, त्यातून आणलेल्या नव्या स्टोव्हवरचा चहा प्यायला, आणि चहाचे पैसे चहावाल्याने घेतले.

पुढच्या हंगामात तो त्याच गुऱ्हाळावर आहे. दिवसा चुलवाणात चिपाड घालतो, रात्री गूळ भरून देतो. गाडी चुलतभाऊ चालवतो आणि हा शेजारच्या आसनावर बसून रव्यांचा हिशेब ठेवतो. देखरेखीचे वर्ष संपत आले आहे, बंधपत्राचे एक वर्ष बाकी आहे. अपात्रतेची मुदत संपल्यावर उजळणी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडून परवाना परत मागता येतो, तो अर्ज मी लिहून तयार ठेवला आहे. त्याने अजून सही केलेली नाही. विचारले तर म्हणतो, "हंगाम सरू दे, सायेब."